हत्तीबोडीचा जमादार

भावाच्या शेताचा, साडूच्या नोकरीचा, शेजाऱ्याच्या बैलाचा हेवा करणारी माणसं मी या वयापर्यंत इतकी पाहिली आहेत की त्यांची वेगळी जत्रा भरवता येईल. माशाचा हेवा करणारा माणूस मात्र एकच पाहिला. टेकराम वलथरे. बायकोच्या संसारात दुसरी आली तर तिला सवत म्हणायची सोय आपल्या भाषेत आहे. नवऱ्याच्या वाट्याला असलं काही आलं तर त्या दुसऱ्याला काय म्हणायचं, याची सोय कुणी करून ठेवलेली नाही. त्यात तो दुसरा पाण्यात राहणारा, अंगावर खवले असलेला आणि सापाच्या डोक्याचा असेल तर बोलायलाच नको.

आमच्या झाडीपट्टीत लहान तळ्याला बोडी म्हणतात. हत्तीबोडी नावालाच बोडी. एका काठावरून राखाडी बगळा उडाला की पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत म्हातारा होऊन पांढरा पडतो, असं मी लहानपणापासून सांगत आलोय. अजून कुणी मला खोटं पाडलेलं नाही, कारण त्या बगळ्याबरोबर एवढा वेळ बसणार कोण. आता तळ्यावर सौरनावा आल्या, बर्फाच्या पेट्या उचलून नागपूरकडे नेणारी ड्रोनं आली. मासा मात्र अजून जाळ्यातूनच काढावा लागतो, आणि जाळं अजून आम्हा मासेमार ढिवरांच्याच हातात आहे.

तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, टेकरामची हॅचरी. गोल टाक्या, त्यात सतत फिरणारं पाणी. पावसाच्या तोंडावर तो मरळीच्या जोड्या धरायचा, त्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचा. मग टाकीत पिवळसर अंडी साबुदाण्यासारखी तरंगायची. त्यातून निघतं ते जिरं, कारण ते दिसतं तेवढंच. जिरं वाढून बोटाएवढं झालं की बोटुकली. मरळ हा मोठा मानी मासा, तो टाकीत अंडी घालत नाही असं सगळे म्हणायचे. टेकरामनं त्याला घालायला लावली. दर पावसाळ्यात ड्रम भरभरून बोटुकली तळ्यात सोडायचा आणि पाळीवर असा उभा राहायचा, जणू तळंही त्यानंच भरलंय.

दिवाळी उलटली की तळ्यात पहिलं मोठं जाळं पडतं. त्यात सापडलेली पहिली मरळ, ज्याची मासळी त्याच्या घरी जाते. ती त्याच्या चुलीवर शिजते आणि मच्छीमार संस्थेतल्या घरटी एक माणूस त्याच्या ओसरीवर घासभर खाऊन जातो. ही आमची जुनी रीत. गेली कितीतरी वर्षं पहिली मरळ टेकरामच्याच घरी जात होती. मासे टाकणारा तो, मग मासळी कुणाची, हा प्रश्नच नव्हता.

प्रश्न विचारला तो डॉ. चिन्मयी टेंभरे यांनी. बाई मूळच्या गोंदियाकडच्याच, नागपुरात शिकवायच्या, आणि त्यांनी एक यंत्र बनवलं होतं.

माशाच्या डोक्यात कानाच्या जागी एक खडा असतो. मरळीचा असेल मोहरीपासून तुरीच्या दाण्याएवढा. त्याच्यावर मासा ऐकतो आणि तोल सांभाळतो. जन्मल्यापासून हा खडा रोज एक पापुद्रा चढवत वाढतो, कांद्यासारखा. ज्या दिवशी पाणी ऊबदार आणि खाणं भरपूर, त्या दिवशीचा पापुद्रा जाड. थंडी, उपास, वादळ असेल तर बारीक. म्हणून तळ्यात जन्मलेल्या माशाचा खडा म्हणजे आमच्या गावचा रस्ता, कुठं रुंद, कुठं अरुंद, कुठं असून नसल्यासारखा. टाकीतल्या माशाचा खडा मात्र शाळेतल्या आखीव वहीसारखा, कारण टाकीत रोज सारखंच पाणी आणि सारखंच खाणं. पूर्वी हे वाचायला मासा मारून खडा काढावा लागे, घासून पातळ करावा लागे. बाईंच्या यंत्रात जिवंत मासा क्षणभर ठेवला की माणसाला ऐकू न येणारा आवाज त्याच्या कवटीतून आरपार जाई आणि पापुद्रे पडद्यावर उमटत. मासा परत पाण्यात. गावातल्या बायांनी यंत्राचं नाव ठेवलं कुंडली.

टेकरामला ते यंत्र पाहून इतका आनंद झाला की त्यानं बाईंच्या चहात दुप्पट साखर घातली. बाईंनी त्याला एक युक्तीही शिकवली. टाकीचं पाणी काही दिवस आलटून-पालटून गरम आणि थंड करायचं. खड्यावर जाड-बारीक रेघांचा ठरावीक पट्टा उमटतो. पुढं तो मासा कुठंही सापडला तरी कुंडली सांगणार, हा टेकरामचा.

"डागलेला बैल कोनाचा, हे इचारा लागते काय, काकाजी?" तो मला म्हणाला. "आता तर माशाच्या डोक्यातच माझा डाग राहीन."

त्यानं दोन पावसाळे डागलेली बोटुकली सोडली. मग दिवाळीनंतरच्या पहिल्या जाळ्याला बाई कुंडली घेऊन आल्या, आणि साऱ्या गावासमोर एकेक मरळ यंत्रात जाऊ लागली. तळ्यातली. तळ्यातली. तळ्यातली. मध्येच एखादी टेकरामची, तीही हडकुळी. पुन्हा तळ्यातली.

"मंग माझे गेले कुठं?" टेकरामनं विचारलं.

बाईंनी समोरच्या झाडाकडं बोट दाखवलं. तिथं पाणकावळे पंख वाळवत बसले होते, चांगले गुबगुबीत. "टाकीवर माणूस वाकतो, सावली पडते आणि खाणं येतं," त्या म्हणाल्या. "तुमची पिल्लं एवढंच शिकतात. तळ्यात सावली पडली की ती तोंड वासून वर येतात."

"आनं तळ्यातली?"

"त्यांना बाप असतो. सावली पडली की तो त्यांना खाली नेतो."

हे सगळ्यांनी ऐकलं. त्यात ज्योत्स्नाही होती, टेकरामची बायको. आता हिचं सांगायला हवं. तळ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात एके काळी गवत, देवधान, कमळं होती. जाळी अडकतात म्हणून माणसांनी सगळं खरवडून काढलं होतं. ज्योत्स्नानं चार बाया गोळा केल्या, दुसऱ्या बोड्यांतून पाणगवताचे गड्डे आणले, चिखलात उभं राहून भात रोवावं तसे रोवले आणि तिथं जाळं टाकायचं नाही असं सगळ्यांना दटावलं. टेकराम तेव्हा हसला होता. मरळ गवतातच अंडी घालते, म्हणजे तळ्यातल्या मरळी त्याच कोपऱ्यात जन्मलेल्या निघाल्या.

संस्थेत ठरलं की पहिली मरळ ज्योत्स्नाला द्यायची. म्हणजे मान टेकरामच्याच घरी आला, पण दुसऱ्या दारानं. सगळं गाव ओसरीवर घास खाऊन गेलं. टेकरामनं पोट बिघडल्याचं सांगितलं.

"एका सालाच्या कुंडलीवर काही ठरवू नका," त्यानं संस्थेला विनवलं. "पुढच्या साली पुन्हा वाचा. माझी निघाली त बीज माझ्याकडून घ्या आनं तो कोपरा जाळ्याले मोकळा करा. तिची निघाली त मी मरळीले हात लावनार नाही." संस्थेनं मान्य केलं.

पुढच्या पावसाळ्यात कोपऱ्यात जमादार आला. तो एक नर मरळ होता, हातभर लांब, डोक्यावर जुन्या भाल्याचा वण. गवत बाजूला सारून त्यानं ताटाएवढी मोकळी जागा केली, मादीनं तिथं अंडी घातली आणि हा राखणीला बसला. पिल्लं निघाली ती लालचुटुक. मरळीला वरची हवा लागते, म्हणून पिल्लांचा लाल गोळा सारखा वर यायचा, बुडबुडायचा, खाली जायचा, आणि त्याच्याखाली जमादाराची काळी पाठ. नाव बायांनीच ठेवलं. मी स्वतः पाहिलंय, त्यानं एका म्हशीला पाण्यातून परत लावलं होतं. म्हैस मालकाकडं तक्रार घेऊन गेली, हे मात्र ऐकीव आहे.

ज्योत्स्ना रोज सकाळी तिथं जाऊन बसायची. घरी आली की बातमी असायचीच. माझं घर त्यांच्या भिंतीला लागून, आणि भिंत काही जाड नाही.

"आज पानकावळा आला होता," ती सांगत होती. "जमादारानं अशी उसळी मारली का तो पखं सोडून पळाला."

"मी दहा सालं पानकावळेच हाकलून रायलो टाकीवरून," टेकराम म्हणाला. "माह्यं नाव कोनी जमादार ठेवलं?"

"तुमी टाकीवर जाळी लावली. तो सोता असते तिथं."

"भाजी आनून देते काय तो घरी?"

"खातच नाही नं बिचारा. पिल्लं मोठी होतवरी तोंडाले काही लावत नाही."

"मंग मी बी नाही खात."

"नोका खाऊ." भांडं ठेवल्याचा आवाज आला. "मेघा लहान होती तवा जिऱ्याचं पानी बदलाचं म्हनून दोन दोन दिवस घरी येत नव्हते तुमी. मी फोडनी द्याले जिरं घेतलं का ते पोट्टी डब्यात वाकून पाहे. म्हने, बाबा यातच रायते नं?"

मेघा आता रायपूरला नोकरीला होती आणि फोन आला की आईलाच मागायची. त्या दिवसापासून टेकरामनं कोपऱ्याकडच्या वाटेनं जाणं सोडलं. समोर जमादाराचं नाव निघालं की तो उठून टाकी धुवायला जायचा. धुतलेली टाकी पुन्हा धुवायचा. एकदा मला म्हणाला, "काकाजी, खरं सांगा, त्या माशात असं काय हाय?" मी म्हटलं, डोकं सपाट आहे, तोंड मोठं आहे आणि बोलत नाही. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही.

मग भाताची रोवणी लागली. भर दुपारी सगळ्या बाया बांधीत वाकलेल्या, आणि मी पाळीवर गळ टाकून बसलेलो. पाहतो तर टेकराम मच्छरदाणीचं कापड आणि ड्रम घेऊन कोपऱ्यात उतरतोय. काय करायचं ते त्यानं मनाशी पक्कं केलेलं असणार. लाल गोळा वर आला तशी त्यानं कापड खालून घातलं. त्याच क्षणी पाणी फुटलं. जमादारानं त्याची पोटरी धरली, सोडली, पुन्हा धरली. टेकराम एका पायावर नाचत होता, पण कापड त्यानं सोडलं नाही.

ड्रम डोक्यावर घेऊन, रक्ताळलेला पाय ओढत तो माझ्यासमोरून गेला.

"काय नेऊन रायला गा?" मी विचारलं.

"पानी."

"जपून ने. तळ्यात कमी पडंन."

मी कुणाला काही सांगितलं नाही. भात अर्धा शिजलेला असताना झाकण उघडू नये, एवढं मला कळतं. त्याचा डाव सरळ होता. जमादाराच्या पिल्लांना गरम-थंड पाण्यात ठेवायचं, खड्यावर आपला डाग उमटवायचा आणि परत सोडून द्यायचं. ही पिल्लं जगणारी जात. दिवाळीनंतर कुंडली जिकडंतिकडं टेकराम, टेकराम म्हणणार.

संध्याकाळी भिंतीपलीकडून ज्योत्स्नाचा आवाज आला. "पिल्लं गेली. एकबी नाही रायलं. आनं तो तिथंच गोल फिरून रायला. थांबते, पुन्हा फिरते."

"पानमांजर असंन," टेकराम म्हणाला. "तळं हाय, चालाचंच." त्याच्या आवाजात मला किती दिवसांनी तूप लागल्यासारखं वाटलं.

हे तूप लवकरच उतरलं. टाकीत ती पिल्लं खाईनात. टेकराम खाणं घेऊन वाकला, सावली पडली, की सगळा लाल गोळा तळाशी. त्याची स्वतःची बोटुकली त्याला पाहून टाकीच्या काठावर डोकी आपटायची, आणि ही त्याला पाहून पळत होती. त्यानं डबा वाजवून पाहिला. आवाज लहान करून बोलून पाहिलं. पिल्लं भिंतीशी गोळा करून, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखी उभी राहायची. काही मेली. मेलेली काढायला त्यानं पाण्यात हात घातला, आणि हात तसाच राहिला, कारण एक पिल्लू येऊन मनगटाखाली थांबलं. मग दुसरं. टेकरामनं हात काढला नाही. नाकावर डास बसला, चावला, पोट भरून उडून गेला, तरी तो हलला नाही. संध्याकाळपर्यंत सगळा गोळा त्याच्या तळहाताखाली होता. दुसऱ्या हातानं त्यानं कणकण खाणं सोडलं आणि ती खाऊ लागली.

हे त्यानंच मला पुढं सांगितलं. मी पाहिलं ते त्याच्याही पुढचं. नवरा जेवायला येत नाही म्हणून ज्योत्स्ना डबा घेऊन हॅचरीवर निघाली, आणि अशा वेळी माझे पाय आपोआप त्याच दिशेला वळतात. आत टेकराम टाकीत गळ्यापर्यंत बसलेला. डोक्यावर ओला दुपट्टा. हनुवटीखाली लाल गोळा बुडबुडत होता, आणि छपराच्या फटीतून चिमणीची सावली पडली की तो हळूच खाली वाकायचा आणि पिल्लंही त्याच्याबरोबर खाली जायची.

ज्योत्स्ना टाकीच्या काठाशी आली.

"ही जमादाराची हायेत," ती म्हणाली.

"माह्या डागाची हायेत."

"कांद्याचं वरचं साल रंगवलं म्हनून आतला कांदा बदलते काय? खडा आतून वाचतेत. पहिले पापुद्रे तळ्याचे हायेत, ते कसे पुसान? तुमी अंड्यापासून डाग देता, म्हनून तो मधोमध बसते. हे तळ्यात जन्मून आले. चोरी डोक्यात लिहून आले."

टेकरामच्या तोंडावरून पाणी निथळत होतं. पहिल्या पापुद्र्यांचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आजवर दुसऱ्याचं पिल्लू त्यानं कधी टाकीत आणलंच नव्हतं.

ज्योत्स्नानं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि हात पाण्यात घातला. पिल्लं क्षणात टेकरामच्या काखेत. तिनं दुसऱ्या बाजूनं घातला. पुन्हा तेच. ती आठवडेच्या आठवडे त्या काठावर बसली होती, तिच्याकडं एकही कधी आलं नव्हतं.

"तुमच्याजवळ येतेत," ती म्हणाली. आवाज मला ओळखीचा वाटला. इतके दिवस भिंतीपलीकडून तो टेकरामच्या तोंडून ऐकत होतो.

"येतेत," टेकराम म्हणाला.

"उद्या नेऊन सोडाचे."

टेकरामनं काखेतला गोळा हातानं झाकला.

"पाठीवर कोनी नाही तरी जमादार तिथंच फिरून रायला," ती म्हणाली. "मी आत्ता पाहून आली."

सकाळी दोघं ड्रम घेऊन कोपऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मी पाळीवर. जमादार खरंच तिथं होता, रिकाम्या जागेची राखण करत. टेकरामनं ड्रम हळू कलता केला. लाल गोळा बाहेर आला, उलगडला आणि सरळ टेकरामच्या पायांभोवती जमला. जमादार जवळ आला, गालफडं फुगवून. पिल्लं जागची हलली नाहीत.

"मागं सरका तुमी," ज्योत्स्ना म्हणाली.

तो मागं सरकला. पिल्लं त्याच्याबरोबर सरकली. तो आणखी सरकला. तीही.

"माह्या मांगं येऊन रायली," तो म्हणाला, आणि त्याला लपवता येत नव्हतं ते सुख त्याच्या तोंडभर पसरलं.

"हो, आनं तुमी घरी गेले का उद्या बगळ्याच्या पायामांगं जातीन. पाय म्हंजे बाप, हे शिकून आले नं ते."

टेकराम उभा राहिला. पलीकडं उथळ पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होताच, त्याला काही घाई नव्हती. टेकरामनं त्याच्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. मला वाटलं, तो पिल्लं परत ड्रममध्ये भरणार. त्यानं दोन्ही हात वर केले, सूर्य त्याच्या पाठीशी होता, सगळी सावली त्या लाल गोळ्यावर पडली, आणि त्यानं पूर्ण ताकदीनं पाण्यावर पंजे मारले.

गोळा फुटला. गुलाल उडावा तसा पाण्यात फुटला, आणि खाली, काळ्या पाठीच्या आड जाऊन नाहीसा झाला. एकदा मारलं ते पुरे होतं. टेकराम मारतच राहिला, जोवर ज्योत्स्नानं त्याचं मनगट धरलं नाही तोवर. मग तो वळला आणि मागं न पाहता बाहेर आला.

दिवाळीनंतर बाई कुंडली घेऊन आल्या. त्या सालची लहान मरळ यंत्रात गेली आणि बाई पडद्याकडं पाहतच राहिल्या. मधोमध तळं, मग टेकरामचा पट्टा, मग पुन्हा तळं. असला मासा त्यांनी कधी वाचला नव्हता. त्या काही विचारण्याआधी टेकराम उठला.

"मीच नेले होते," तो म्हणाला. "आनं मीच आनून सोडले. जन्म तळ्यातला हाय, वाढबी तळ्यातलीच. मधले चार दिवस माहे."

"मंग पहिली मरळ कोनाची गा?" मागून कुणीतरी विचारलं.

"तिची. कोपऱ्यात जाळं टाकाचं नाही. मी शेततळ्यांसाठी रोहू करीन, मरळीले हात नाही लावत."

गाव हसलं, पण ज्यांना त्याच्या पोटरीवरचा वण दिसला ते कमी हसले. पुन्हा पहिली मरळ ज्योत्स्नाच्या चुलीवर गेली. या खेपेला टेकरामनं दोनदा वाढून घेतलं.

माणसं गेल्यावर मी ओसरीवर टेकून बसलो होतो. आत ज्योत्स्ना भांडी घासत होती.

"एक सांगान काय?" ती म्हणाली. "हाताखाली येऊन उभे रायले, तवा कसं वाटलं?"

टेकरामनं पाणी पिऊन लोटा सावकाश खाली ठेवला.

"सांगता येत नाही."

"काहून नाही येत? तोंड हाय नं?"

"तुले नाही समजनार ते."

"मी रोज बसली तिथं," ती म्हणाली. "रोज पान्यात हात घालून पायला. मले नाही समजनार?"

तो बाहेर माझ्या शेजारी येऊन बसला. पोटरीवरचा वण त्यानं अंगठ्यानं एकदा चोळला आणि तळ्याकडं पाहत राहिला. त्याच्याजवळ आता ना कोपरा होता, ना मान, ना मरळीचं बीज. जे होतं ते कुणाला देण्यासारखं नव्हतं, आणि द्यायची त्याची इच्छाही दिसत नव्हती. आत भांडी घासली जात होती, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरानं. टेकराम ऐकत होता. अंगाई ऐकत झोपावं तसं त्यानं भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.